मावा मेला, तरी मोझॅक का थांबत नाही?

वाचकाचं पत्र:

"झुकिनी आणि काकडीचा आमचा छोटा प्लॉट आहे. लावणीनंतर पाचेक आठवड्यांनी बांधाकडच्या दोन ओळींत शेंड्याची पानं हिरवी-पिवळी चट्टेदार दिसायला लागली. पानाखाली मावा होता, म्हणून फवारणी केली. मावा मेला, पण रोग पुढच्या ओळींत सरकला. मग दर वेळी औषध बदलत आतापर्यंत चार फवारण्या झाल्या. आज निम्म्याहून जास्त झाडांची नवी पानं दोरीसारखी अरुंद झाली आहेत आणि फळांवर गाठी आल्या आहेत. बाबा म्हणतात बियाणंच खराब होतं. कुणी म्हणतं सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी पडली. या प्लॉटपासून चाळीसेक पावलांवर दुसरी लावण केली आहे, तिला आता तीन पानं आहेत. पाचवी फवारणी कशाची घेऊ? पहिला प्लॉट उपटू का? दुसरा वाचेल का? ही फळं खाल्ली तर चालतील? त्यातलंच बी धरलं तर? मी आता थकले आहे."

उत्तर:

ताई, पाचवी फवारणी घेऊ नका. बाकीच्या प्रश्नांकडे येतेच, पण आज सकाळी पंप भरायला निघाला असाल तर तो खाली ठेवा. तुमचा वेळ, पैसा आणि ताकद आता त्या तीन पानांच्या रोपांवर लागली पाहिजे.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणं, म्हणजे शेंड्याकडून सुरू झालेला मोझॅक (पानांवरचे हिरवे-पिवळे चट्टे), दोरीसारखी पानं आणि गाठाळ फळं, ही मावा पसरवतो त्या विषाणूंची ओळखीची लक्षणं आहेत. मावा मारूनही रोग का पसरला, हे एकदा नीट समजलं की पुढचे निर्णय सोपे होतील.

पंखवाला मावा उडत येऊन पानावर उतरतो, तेव्हा हे झाड आपल्या कामाचं आहे की नाही हे त्याला नुसतं बघून कळत नाही. तो सोंड टोचून चव घेतो. ही पहिली टोच अगदी वरवरची असते, पानाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींपर्यंतच जाते आणि मिनिटभरही चालत नाही. झाड आधीच रोगट असेल तर तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला चिकटतो. मावा पुढच्या झाडावर जातो, पुन्हा चव घेतो आणि विषाणू तिथे सोडतो. एकच सुई न धुता एकामागून एक सगळ्यांना टोचावी, तसं हे चालतं. विषाणू माव्याच्या पोटात जाऊन वाढत नाही, त्याच्या शरीरात मुरत नाही. सोंडेवर तो काही मिनिटं, फार तर काही तास टिकतो. पण शेजारच्या झाडावर जायला माव्याला तेवढा वेळ भरपूर होतो.

आता कीटकनाशकाचा विचार करा. ते मावा मारतं, यात शंका नाही, पण सेकंदांत मारत नाही. आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या रसातून माव्याच्या पोटात जावं लागतं, आणि तो रस ओढायला बसण्याआधीच विषाणू देऊन मोकळा झालेला असतो. काही औषधांनी मावा मरायच्या आधी बेचैन होतो, एका जागी थांबत नाही आणि जास्त झाडांवर सोंड टोचत फिरतो. अशा वेळी फवारणीने प्रसार वाढूही शकतो. शिवाय तुमच्या पानाखाली वस्ती करून बसलेला मावा हा गुन्हेगारांपैकी एक आहे, एकटा नाही. आजूबाजूच्या गवतावर, तणांवर, दुसऱ्या पिकांवर वाढलेला, काकडीवर कधीच न राहणारा मावाही वाटेत उतरतो, चव घेतो, नापसंत करतो आणि उडून जातो. तो तुम्हाला दिसतच नाही. त्या दोन मिनिटांच्या मुक्कामात तो रोग देऊन गेलेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. विषाणू झाडात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. म्हणजे आज जी झाडं तुम्हाला आजारी दिसतात, त्यांना लागण झाली ती मागच्या आठवड्यात किंवा त्याच्याही आधी. आणि आज जी हिरवीगार दिसतात, त्यांतली कित्येक आतून आजारी असतील. बांधाकडच्या दोन ओळी पिवळ्या दिसल्या त्या दिवशी रोग बहुधा पुढच्या पाच-सहा ओळींत पोचलेला होता. तुमची प्रत्येक फवारणी होऊन गेलेल्या गोष्टीवर होती. यात तुमचा निष्काळजीपणा कुठेही नाही. कीड दिसली की फवारा, हेच सगळ्यांना शिकवलं जातं. बहुतेक किडींना ते लागूही पडतं, पण या रोगांना नाही.

नेमका कोणता विषाणू, हे पानाकडे बघून कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. वेलवर्गीय पिकांत मावा पसरवतो ते चार विषाणू जगभर भेटतात: झुकिनी यलो मोझॅक, वॉटरमेलन मोझॅक, पपया रिंगस्पॉटचा वेलवर्गीय प्रकार आणि कुकुंबर मोझॅक. कुकुंबर मोझॅकची नोंद अमेरिकेत 1916 साली झाली आणि आज त्याला बळी पडणाऱ्या वनस्पतींच्या जाती बाराशेहून अधिक मोजल्या गेल्या आहेत. भाज्या, फुलझाडं, तणं असं सगळं त्यात येतं. झुकिनी यलो मोझॅक त्या मानाने नवा. इटलीत तो पहिल्यांदा 1973 साली दिसला, त्याचं शास्त्रीय वर्णन 1981 मध्ये झालं, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत वेलवर्गीय पिकं घेणाऱ्या बहुतेक प्रदेशांत तो सापडू लागला. दोरीसारखी पानं आणि फळांवरच्या गाठी बघता माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. पण एकाच झाडात दोन-तीन विषाणू एकत्र असणंही नेहमीचं आहे, आणि तेव्हा लक्षणं आणखी तीव्र होतात.

कुकुंबर मोझॅकबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2010 साली पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी स्क्वॅशच्या झाडांवर दाखवून दिलं की लागण झालेलं झाड निरोगी झाडासारखाच, पण जास्त तीव्र वास सोडतं. त्या वासाने मावा ओढला जातो. तो बसतो, चव घेतो, आणि चव वाईट लागते म्हणून लगेच उडून दुसरीकडे जातो. विषाणूला हवं असतं तेच होतं: मावा यावा, टोचावा आणि थांबू नये. म्हणूनच रोगट झाड प्लॉटमध्ये उभं ठेवणं आणि निरोगी झाड उभं ठेवणं यात फार मोठा फरक आहे. रोगट झाड माव्याला बोलावत असतं.

आता तुमच्या बाबांच्या शंकेबद्दल. त्यांची शंका निराधार नाही. भुंगेऱ्यांमुळे पसरणारा स्क्वॅश मोझॅक बियातून येतो, आणि झुकिनी यलो मोझॅकही थोड्या प्रमाणात बियातून जाऊ शकतो. पण बियातून आलेला रोग रोप लहान असतानाच, पहिल्या काही पानांवर दिसतो आणि प्लॉटभर विखुरलेला असतो. तुमच्याकडे पाच आठवडे सगळं ठीक होतं आणि मग सुरुवात एका कडेने, बांधाच्या बाजूने झाली. ही बाहेरून उडत आलेल्या किडीची खूण आहे. बाबांना हे दाखवा. प्लॉटचा साधा नकाशा काढून पहिली आजारी झाडं त्यावर खुणेने मांडली तर त्यांनाही ते लगेच पटेल.

सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या कमतरतेत पान पिवळं पडतं, पण एका ठरावीक पद्धतीने. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, दोन्ही बाजूंना सारखा, आणि शेजारशेजारच्या बहुतेक झाडांवर एकाच वेळी. मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे चट्टे वेडेवाकडे असतात, गडद हिरवे भाग फोडासारखे फुगतात, आणि एका आजारी झाडाशेजारी दुसरं ठणठणीत उभं असतं. कमतरता फळाला अशा गाठी आणत नाही. विषाणूवर अन्नद्रव्यांची फवारणी केली तर झाड दोन दिवस जरा टवटवीत दिसेल, एवढंच. आणि "व्हायरसवरचं औषध" म्हणून कुणी काही हातात ठेवलं तर घेऊ नका. झाडाच्या आत शिरलेला विषाणू शेतात काढून टाकणारं औषध नाही.

दोरीसारखी पानं बघून आणखी एक गोष्ट तपासायला हवी. तणनाशक, विशेषतः 2,4-डी, वाऱ्याने उडून आलं किंवा त्याच पंपातून नकळत फवारलं गेलं, तरी वेलवर्गीय पिकांची पानं अशीच चिमटल्यासारखी अरुंद होतात. पण मग एका दिवसात सगळी झाडं एकदम बिघडतात, आजूबाजूची रुंद पानांची तणंही वाकडी होतात, आणि मोझॅकचे चट्टे नसतात. तुमच्याकडे रोग ओळीओळीने सरकला, म्हणून मला तणनाशकाची शंका कमी वाटते. आणि झुकिनीच्या काही वाणांच्या पानांवर शिरांच्या बेचक्यात जन्मतःच चंदेरी ठिपके असतात. ते सगळ्या झाडांवर सारखे, नीटनेटके असतात आणि त्यांचा रोगाशी काही संबंध नाही. त्या ठिपक्यांसाठी झाड उपटलेलं पाहिलं की फार वाईट वाटतं.

इथवर जे सांगितलं ते माव्याच्या मोझॅकबद्दल. हाच नियम सगळीकडे लावू नका, कारण कीड बदलली की उपायही बदलतो.

पांढरी माशी पसरवते त्या विषाणूंचं गणित वेगळं आहे. पानं कपासारखी वळणं, शिरा जाड होणं आणि झाड खुजं राहणं ही स्क्वॅश लीफ कर्ल आणि टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली या विषाणूंची लक्षणं. दुसऱ्याचं नाव टोमॅटोवरून पडलं, 1995 साली त्याचं वर्णन झालं, पण 2012 मध्ये तो स्पेनमध्ये पोचला तो झुकिनीवर, आणि तिथल्या झुकिनीचं त्याने मोठं नुकसान केलं. हा विषाणू माशीला मिळायला काही सेकंद पुरत नाहीत. तिला बराच वेळ रस प्यावा लागतो, मग विषाणू तिच्या शरीरातून फिरून लाळेत यायला आणखी कित्येक तास जातात, आणि त्यानंतर ती पुढे बहुतेक आयुष्यभर रोग देत राहते. इथे मात्र पांढऱ्या माशीचं वेळेवर नियंत्रण, त्यात योग्य कीटकनाशकही आलं, प्लॉटच्या आत रोग पसरण्याचा वेग खरोखर कमी करतं. कारण माशी रोगवाहक होण्याआधी मरू शकते.

खालची, जुनी पानं पिवळी, जाड आणि ठिसूळ होत असतील आणि शेंडा बरा दिसत असेल, तर ती पांढऱ्या माशीचे पिवळेपणाचे विषाणू किंवा माव्याचाच एक वेगळा, शरीरात मुरणारा विषाणू असू शकतो. हा रोग लोक हमखास खताची कमतरता समजतात. फुलकिडे कलिंगडात शेंडा जळण्याचा रोग आणतात. त्यांच्या पिल्लांनी लहानपणी रोगट रस प्यायला असेल तरच ते मोठे झाल्यावर रोग देतात, त्यामुळे तिथे पिल्लांवर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. तरी भिंग घेऊन पानांची खालची बाजू एकदा नीट बघा. पान हलवल्यावर पांढरा भुरका उडाला तर मला पुन्हा लिहा, कारण मग माझ्या सल्ल्यातला फवारणीचा भाग बदलेल.

पहिला प्लॉट. उपटा. निम्म्याहून जास्त झाडं आजारी आहेत आणि चाळीस पावलांवर कोवळी रोपं आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर मला दुसरा पर्याय दिसत नाही. दुसरी लावण नसती तर मी वेगळं सांगितलं असतं. लागण होण्याआधी धरलेली फळं बहुतेक चांगली निघतात, तेव्हा ती तोडून घेईपर्यंत थांबा म्हटलं असतं. विकायला चांगली फळं अजूनही मिळत असतील तर एक तोडणी उरका, पण त्यापुढे लांबवू नका. प्लॉटमध्ये रोज उभं राहणारं प्रत्येक आजारी झाड तुमच्या नव्या रोपांसाठी विषाणूचं कोठार आहे.

उपटण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. झाडं उपटून बांधावर वाळत टाकली तर त्यांच्यावरचा मावा उपाशी होऊन उडतो, आणि सर्वांत जवळचं हिरवं पीक म्हणजे तुमची तीन पानं. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडं कीटकनाशक साबणाच्या पाण्याने किंवा बागायती खनिज तेलाने पानांच्या खालून नीट भिजवा. या एका कामासाठी फवारणीला माझी हरकत नाही, कारण तिचा उद्देश माव्याला उडू न देणं हा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नसताना झाडं मुळासकट काढा, लगेच पिशव्यांत भरा किंवा खड्ड्यात टाकून मातीने झाका. एका दिवसात होत नसेल तर नव्या प्लॉटच्या बाजूच्या ओळींपासून सुरुवात करा. आणि उपटायच्या दिवशी नव्या रोपांत आधी काम करा, आजारी प्लॉटमध्ये नंतर. या विषाणूंची लागण झालेल्या पानांचा रस हाताला, कात्रीला, कपड्यांना लागून थोडाफार प्रसार होऊ शकतो.

आता दुसरा प्लॉट. तो वाचण्याची चांगली शक्यता आहे, पण या आठवड्यात हालचाल झाली तर. लागण जितकी लहान वयात, तितकं नुकसान जास्त. तीन पानांवर आजारी पडलेलं झाड विकण्याजोगं एक फळही देत नाही. तेच झाड फळं धरायला लागल्यावर आजारी पडलं तर बरंच पीक हाती लागतं. तेव्हा आपल्याला रोग कायमचा रोखायचा नाही, उशिरा आणायचा आहे. मिळवलेला प्रत्येक आठवडा फळांच्या रूपाने परत येतो.

माझ्या मते पहिलं काम क्रॉप कव्हर. पातळ, न विणलेलं पांढरं कापड तारेच्या कमानींवर ओढून कडा मातीने पूर्ण दाबायच्या. एक बाजू उघडी राहिली तर सगळा खटाटोप वाया जातो. टाकण्याआधी प्रत्येक रोप तपासा. चट्टे असलेलं एखादं रोप किंवा मावा आत राहिला तर कापडाखाली, शत्रूकिडींपासून सुरक्षित, त्याची चैन होते. मादी फुलं उमलायला लागली की कापड काढायचं, कारण झुकिनीचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्याने जात नाहीत, मधमाश्या आत आल्याच पाहिजेत. परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या काकडीच्या वाणांवर कापड आणखी ठेवता येतं.

कापड शक्य नसेल तर रोपांभोवती चंदेरी, उजेड परावर्तित करणारा मल्चिंग पेपर. उडणारा मावा आकाशाचा उजेड आणि जमिनीचा रंग यांच्या आधारे कुठे उतरायचं ते ठरवतो. खालूनही आकाशासारखा उजेड यायला लागला की त्याचा अंदाज चुकतो आणि तो उतरत नाही. काळा पेपर हे काम करत नाही. पानांनी अर्ध्याहून जास्त पेपर झाकला की परिणाम ओसरतो, म्हणून याचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांचा. पण आपल्याला सांभाळायचेत तेही तेच आठवडे. दोन्ही करता आले तर उत्तम: खाली चंदेरी पेपर, वर कापड, आणि कापड काढल्यावरही पेपर काम करत राहतो.

कापड काढल्यानंतर खनिज तेलाची फवारणी उपयोगी पडते. हे कीटकनाशक म्हणून नव्हे. तेलाच्या पातळ थरातून सोंड आत गेली तर विषाणूची देवाणघेवाण बिघडते, आणि म्हणूनच सेकंदांत होणाऱ्या या प्रसारावर परिणाम करणाऱ्या मोजक्या फवारण्यांत तेल येतं. अटी बऱ्याच आहेत. पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत, नवी पानं फुटत राहतात म्हणून आठवड्याला तरी पुन्हा घ्यावी लागते, कडक उन्हात किंवा पाण्याचा ताण असलेल्या झाडावर घेतली तर पानं भाजतात, आणि गंधकाच्या फवारणीच्या जवळपास तर अजिबात घेऊ नये. प्रमाण लेबलवर लिहिलेलं असेल तेच. आधी चार झाडांवर घेऊन दोन दिवस बघा. आणि शेजारी रोग जोरात असेल तर एकट्या तेलावर विसंबू नका.

तणांकडे माझ्यासारखी माणसं वारंवार बोट दाखवतात आणि ते कंटाळवाणं वाटतं याची मला कल्पना आहे, पण तुमचा रोग बांधाकडून आला, हे तुम्हीच लिहिलंय. त्या बांधावर काय उगवलंय ते बघा. आपोआप उगवलेले भोपळ्याचे, काकडीचे वेल, रानटी वेलवर्गीय वेली, चट्टेदार पानांची रुंदपर्णी तणं हे सगळं आधी काढा. मात्र आत्ता, नवी रोपं उघडी असताना, हिरवागार बांध एकदम तासून काढू नका. त्यावरचा मावा उठून रोपांवर येईल. कापड टाकून झालं की मग बांध साफ करा.

नव्या प्लॉटमध्ये कापड काढल्यावर आठवड्यातून दोनदा फिरा. सुरुवातीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आजारी झाडं दिसली तर लगेच पिशवीत घालून बाहेर काढा. संख्या त्याच्या पलीकडे गेली की उपटत बसण्यात अर्थ नाही, कारण न दिसणारी आजारी झाडं त्याहून जास्त असतात. तेव्हा खत-पाणी नीट ठेवून जमेल तेवढी फळं काढून घ्यायची. नत्र मात्र हात राखूनच द्या. जास्त नत्राने आलेली कोवळी, रसरशीत वाढ माव्याला फार आवडते. चार फवारण्यांत ढालकिडे आणि बाकीचे माव्याचे शत्रूही मेले असणार. ते परत यायला वेळ लागतो. पानांचा रस शोषणारी कोळी कीड वाढलीय का तेवढं बघत राहा.

पुढच्या हंगामासाठी, मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी मुख्य लावणीच्या काही आठवडे आधी चारही बाजूंनी पेरा. उडत येणारा मावा आधी उंच पिकावर उतरतो, तिथे सोंड टोचतो आणि विषाणू तिथेच सोडतो. मक्याला वा ज्वारीला वेलवर्गीय पिकांचे हे मोझॅक सहसा होत नाहीत. आणि जुन्या प्लॉटशेजारी नवी लावण करायची नाही. जुना काढून, मध्ये मोकळा काळ ठेवून मगच पुढची. वाऱ्याची नेहमीची दिशा ठाऊक असेल तर नवी लावण वाऱ्याच्या वरच्या बाजूला घ्या.

वाण निवडताना पाकिटावरची रोगप्रतिकाराची अक्षरं वाचा. झुकिनी यलो मोझॅकसाठी झेडवायएमव्ही, वॉटरमेलन मोझॅकसाठी डब्ल्यूएमव्ही, कुकुंबर मोझॅकसाठी सीएमव्ही. एका विषाणूला प्रतिकार म्हणजे सगळ्यांना प्रतिकार नाही, आणि "मध्यम प्रतिकार" असं लिहिलेलं असेल तर झाड आजारी पडेल पण पीक देईल, असा त्याचा अर्थ घ्या. पिवळ्या फळांच्या काही स्क्वॅश वाणांत फळाला लवकर पिवळा करणारा जनुक असतो. त्यामुळे विषाणूचे हिरवे डाग फळावर कमी दिसतात, झाड मात्र आजारीच असतं. अमेरिकेत 1994 साली जनुकीय बदल केलेल्या, दोन विषाणूंना दाद न देणाऱ्या स्क्वॅशला मंजुरी मिळाली होती. पण बहुतेक शेतकऱ्यांच्या हाती येतात ते नेहमीच्या संकरातून, प्रतिकारक्षम जातींपासून घडवलेले वाण, आणि तेही चांगलं काम करतात.

फळं खाल्ली तर चालतात. वनस्पतींचे हे विषाणू माणसाला लागत नाहीत. गाठाळ फळ आतून जरा कडक, चवीला फिकं लागेल, पण त्याने आजार होत नाही. मला काळजी आहे ती तुमच्या चार फवारण्यांची. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते लिहिलेलं असतं. चारही लेबलं बघा, सगळ्यात उशिरा संपणारी मुदत धरा आणि ती उलटेपर्यंत त्या झाडांवरचं फळ घरातही देऊ नका आणि बाहेरही. औषधं एकत्र मिसळून फवारली असतील तर सगळ्यात लांबलेली मुदत पाळा.

बी धरू नका. बियातून जाण्याचं प्रमाण कमी असलं तरी हजार बियांतलं एक आजारी रोपसुद्धा रोपवाटिकेतून प्लॉटच्या मधोमध जाऊन बसतं, आणि मावा तिथूनच सुरुवात करतो. बाहेरून रोग यायला जे पाच आठवडे लागले, तेही मग मिळणार नाहीत. जुन्या, चवीच्या वाणाचं बी राखायचंच असेल तर चार-सहा झाडं वेगळी, कापडाखाली वाढवून, हाताने परागीभवन करून त्यांचंच बी घ्या.

उपटायच्या आधी एक काम. लक्षणं नुकतीच दिसू लागली आहेत अशा तीन-चार झाडांची शेंड्याकडची कोवळी पानं तोडा, कोरड्या कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा, गारव्यात ठेवा, गोठवू नका, आणि जवळच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विभागाच्या वनस्पती रोग प्रयोगशाळेकडे लवकरात लवकर पोचवा. पूर्ण सुकलेली पानं देऊ नका. सोबत प्लॉटचा नकाशा, पहिलं लक्षण दिसल्याची तारीख आणि फवारलेल्या औषधांची नावं लिहून द्या. अहवाल येईपर्यंत थांबू नका, कापड आजच टाका. अहवालात माव्याचा मोझॅक निघाला तर वर सांगितलं तसंच चालू ठेवा आणि पुढचा वाण त्या नावावरून निवडा. पांढऱ्या माशीचा विषाणू निघाला तर तो अहवाल मला पाठवा, आपण नियंत्रणाचं वेळापत्रक नव्याने ठरवू.